ॲक्सोलॉटल जेवत नसेल तर आधी पाणी मोजा

“काका, दोन दिवस झाले, गांडुळाकडे ढुंकूनही बघत नाहीये. शेपटीचं टोक आकड्यासारखं वळलंय. कुठलं औषध घालू?”

असा फोन महिन्यातून एकदा-दोनदा येतोच. पलीकडे बहुधा कॉलेजात जाणारं कोणीतरी असतं, नाहीतर मुलांच्या हट्टापायी हा हसऱ्या तोंडाचा प्राणी घरी आणून बसलेले आईवडील. माझा प्रश्न ठरलेला: अमोनिया किती आला? त्यावरचं उत्तरही ठरलेलं: “पाणी एकदम काचेसारखं आहे हो.”

घोळ इथेच आहे. ॲक्सोलॉटलला मारणारं पाणी बऱ्याचदा काचेसारखंच असतं. उलट जरा पिवळसर झाक असलेलं, काचेवर थोडं शेवाळ धरलेलं जुनं पाणी त्याला छान मानवतं. अमोनियाच्या ज्या प्रमाणाने त्याचे कल्ले भाजतात, ते प्रमाण आपल्या डोळ्यांना दिसत नाही आणि नाकालाही कळत नाही. नायट्राइटचंही तसंच. म्हणून या लेखात औषधांची नावं शोधू नका. ती देणं डॉक्टरांचं काम. आपलं काम पाणी मोजणं आणि पाणी बदलणं.

हा प्राणी मूळचा मेक्सिको सिटीच्या दक्षिणेकडच्या सोचिमिल्कोचा. समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरवरचा, झऱ्यांच्या गार पाण्यावर पोसलेला तलाव. आता त्याचे कालवे तेवढे उरलेत. त्या कालव्यांत १९९८च्या पाहणीत चौरस किलोमीटरमागे सुमारे ६,००० ॲक्सोलॉटल असावेत असा अंदाज निघाला होता, २०१४च्या पाहणीत तो ३६वर आला. कारणं दोन: बाहेरून आणून सोडलेले कार्प आणि तिलापिया मासे, आणि शहराचं सांडपाणी. म्हणजे मूळ घरीही त्याला पाण्यानेच दगा दिला. आपल्याकडचे प्राणी पिढ्यान्‌पिढ्या काचेत वाढलेले आहेत. १८६४ साली पॅरिसला ३४ ॲक्सोलॉटल नेले, तेव्हापासून प्रयोगशाळांतून आणि पाळणाऱ्यांकडून ही वंशावळ पसरत गेली. पण दीडशे वर्षं काचेत काढली तरी याची कातडी काही जाड झालेली नाही. बेडकाचं पोर मोठं होऊन जमिनीवर जातं, हा मात्र जन्मभर पाण्यातच, कल्ल्यांसकट राहतो. कल्ले उघडे, कातडी पातळ, त्यामुळे पाण्यात जे असेल ते थेट अंगात जातं.

विषही तो स्वतःच तयार करतो. कल्ल्यांतून आणि लघवीतून अमोनिया बाहेर पडतो, विष्ठा आणि उरलेलं अन्न कुजून त्यात भर पडते. तळ्यात ते विरून जातं. शंभर लिटरच्या टाकीत कुठे जाणार?

विरजण लागलं का?

टाकीत हे विष पचवणारे जिवाणू असतात. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन विषं आहेत, तिसरं बरंच सौम्य, आणि ते आपण पाणी बदलून काढून टाकतो. हे जिवाणू पाण्यात तरंगत नसतात. ते फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर, काचेवर चिकटून वाढतात. त्यांची वसाहत नीट बसायला चार ते आठ आठवडे लागतात. मासे पाळणारे याला ‘टाकी सायकल होणं’ म्हणतात. मी घरी समजावताना दह्याचं उदाहरण देतो. नुसतं दूध भांड्यात ओतून दही होत नाही, विरजण लागतं, वेळ लागतो, आणि मधे हलवाहलव चालत नाही. एखाद्या मित्राच्या जुन्या, निरोगी टाकीतला मळका स्पंज मिळाला तर तो तुमच्या फिल्टरमध्ये घाला. ते खरं विरजण. बाटलीतले जिवाणूही मिळतात, काही कामाचे असतात, काही नसतात. किटवर आकडा दिसेपर्यंत त्यांच्यावर भरवसा ठेवू नका.

दुकानदार सांगतो, “टाकी दोन दिवस चालू ठेवा, मग सोडा.” दोन दिवसांत फार तर पाण्यातला क्लोरीन उडतो. विरजणाचा पत्ता नसतो.

माझ्या पहिल्या ॲक्सोलॉटलच्या, गुंडूच्या, वेळी टाकी व्यवस्थित बसली होती. सहा महिने काही तक्रार नव्हती. मग दिवाळीची साफसफाई आली. घर लख्ख करता करता मी फिल्टरचा स्पंजही नळाखाली धरला, ब्रशने घासला आणि पांढराशुभ्र होईपर्यंत पिळला. फार समाधान वाटलं होतं तेव्हा. क्लोरीनच्या पाण्याने सगळं विरजण मोरीत वाहून गेलं, हे कळायला भाऊबीज उजाडली. गुंडूचे कल्ले, एरवी तांबड्या तुऱ्यासारखे फुललेले, झडलेल्या पिसासारखे दिसायला लागले होते. अमोनिया १ पीपीएम, म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम. त्यानंतर तीन आठवडे तो टबात आणि मी रोज सकाळी पाण्याच्या बादल्या भरतोय. स्पंज धुवायचा असेल तर टाकीतूनच काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा बुडवून पिळा, तोही महिन्यातून एकदा. मळका दिसला तरी चालतो.

मोजायचं कसं

रंग बदलणाऱ्या काड्या स्वस्त आणि सोप्या, पण त्यांतल्या कित्येक काड्यांत अमोनियाची चौकटच नसते, म्हणजे नेमकं जे बघायचं तेच नाही. थेंबांचं किट घ्या. त्यात अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच असतात. कार्बोनेट कठीणपणाचं, म्हणजे केएचचं किट बहुधा वेगळं मिळतं, तेही घ्या. एकदाच खर्च आहे, आणि बाटलीवरची मुदत बघून घेतलीत तर बरेच महिने पुरतं.

नळी आधी टाकीच्याच पाण्याने विसळा. पाणी खुणेच्या रेघेपर्यंत बरोबर भरा. बाटली सरळ उभी उलटी धरा, तिरकी धरली की थेंब लहान-मोठे पडतात. सांगितलेली मिनिटं घड्याळ लावून थांबा. नायट्रेटच्या चाचणीत सगळे एकच चूक करतात: दुसरी बाटली जोरात हलवत नाहीत. तिच्यातला पदार्थ तळाशी बसतो, न हलवता थेंब टाकले की नायट्रेट शून्याच्या जवळ दिसतं आणि माणूस निर्धास्त होतो. अर्धा मिनिट ती बाटली ओट्यावर आपटत हलवा.

रंग बघताना नळी पांढऱ्या कागदाला चिकटवून, दिवसाच्या उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली पिवळा आणि किंचित हिरवा यांत भेद कळत नाही, आणि अमोनियाच्या किटमध्ये पिवळा म्हणजे शून्य, किंचित हिरवा म्हणजे ०.२५. शंका आली तर दुसऱ्या नळीत घरच्या आरओचं पाणी घेऊन तीच चाचणी करा आणि दोन्ही नळ्या शेजारी धरा. दोन्हींचा रंग एकच दिसला तर ते शून्य समजा.

हवं ते असं: अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट २०च्या आसपास किंवा कमी, पीएच ७.४ ते ७.६ उत्तम पण साडेसहा ते आठमध्ये स्थिर असला तरी भागतं. तापमान १६ ते १८ अंश, फार तर २०. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आणि नायट्रेट मात्र थोडं दिसतंय, तर टाकी बसलेली आहे. तिन्ही शून्य असतील तर खुश होऊ नका, ती टाकी अजून सुरूच झालेली नाही.

आज रात्री काय करायचं

अमोनिया किंवा नायट्राइट ०.२५ आला तर एक तृतीयांश ते अर्धं पाणी बदला, उद्या पुन्हा मोजा. ०.५ आला तर अर्धं पाणी आत्ता, आणि शून्य येईपर्यंत रोज. हिशेब साधा आहे. २ पीपीएम अमोनिया असेल तर अर्धं पाणी बदलून १ होतो, पुन्हा अर्धं बदलून ०.५. एका बादलीने चमत्कार होत नाही. आणि जे पाणी ओतताय तेही एकदा मोजून बघा, नळाच्याच पाण्यात अमोनिया निघाला तर बदलून काय साधणार?

१ पीपीएम किंवा वर असेल, किंवा प्राणी अस्वस्थ होऊन काचेवर धडका मारत असेल, सारखा वर येऊन हवा घेत असेल, पायांवर-पोटावर लाली आली असेल, कातडीचे पापुद्रे सुटत असतील, तर त्याला टाकीतून बाहेर काढा. (अधूनमधून वर येऊन एक घोट हवा घेणं नेहमीचं आहे, त्याला फुप्फुसंही असतात. दर मिनिटाला येत असेल तर मात्र काळजी.) दहा-पंधरा लिटरचा, खाद्यपदार्थांसाठी चालणारा नवा प्लास्टिकचा टब घ्या, ज्याला कधी साबण लागलेला नाही असा. त्यात क्लोरीन काढलेलं, टाकीइतक्याच तापमानाचं पाणी भरा. जाळी वापरू नका, कल्ले आणि बोटं अडकतात. पाण्यासकट डब्यात घेऊन हलवा. टबात लपायला एक मातीची कुंडी आडवी ठेवा आणि वर भोकांचं झाकण घाला, कारण हे प्राणी उडी मारतात. सकाळी जमिनीवर वाळलेला सापडल्याची कहाणी मी एकाहून जास्त लोकांकडून ऐकली आहे.

टबात फिल्टर नसतो, म्हणजे विरजणही नाही. म्हणून टबातलं पाणी रोज पूर्ण बदलायचं. दोन टब असले की सोपं जातं: एक रात्रीच भरून खोलीत ठेवायचा, म्हणजे तापमान जुळतं, सकाळी प्राणी त्यात हलवायचा. विष्ठा दिसली की लगेच काढायची. यासाठी मी मेडिकलमधून आणलेली पन्नास मिलीची सुई नसलेली सिरिंज आणि तिला जोडलेला नळीचा तुकडा वापरतो. टाकीतलं उरलेलं खाद्यही यानेच अर्ध्या तासात उपसतो.

तो टबात असताना टाकी बसवा. प्राणी आत नसल्यामुळे आता जिवाणूंना खायला अमोनिया आपणच द्यायचा. कल्हईवाल्याकडचा नवसागर आठवतोय? तेच अमोनियम क्लोराइड. पण कल्हईचा नको, शुद्ध, प्रयोगशाळेचा घ्या. शंभर लिटरला सुमारे ०.६ ग्रॅम घातलं की २ पीपीएम होतो. ज्या दिवशी तो २ पीपीएम चोवीस तासांत शून्यावर येईल, नायट्राइटही शून्य असेल आणि नायट्रेट चढलेलं असेल, त्या दिवशी टाकी तयार झाली. मग मोठा पाणीबदल करून नायट्रेट उतरवा आणि प्राणी परत सोडा. वासाची, फेसाची फिनाइलसारखी अमोनियाची बाटली कधीही वापरू नका.

आगीतून फुफाट्यात

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण हिच्यामुळे जुन्या, चांगल्या चाललेल्या टाक्याही एका रात्रीत उजाड होतात, आणि दोष बिचाऱ्या नव्या पाण्याला मिळतो.

किटवर दिसतो तो एकूण अमोनिया. तो दोन रूपांत असतो. एक जहाल, एक बराच निरुपद्रवी. कुठलं रूप किती, हे पीएच आणि तापमान ठरवतात. २० अंशांवर पीएच ७ असताना जहाल भाग शंभरात अर्धाही नसतो. पीएच ८ झाला की तो शंभरात जवळजवळ चार होतो. पीएच एकाने चढला की विष साधारण दहापट. तापमानाचंही तसंच: पीएच ८वर १८चं पाणी २८ झालं तर जहाल भाग दुपटीच्या घरात जातो.

आणि अमोनिया पचवताना जिवाणू पाण्यातली क्षारता खातात. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचायला सात मिलिग्रॅम क्षारता खर्च होते. सह्याद्रीतल्या धरणांचं पाणी, म्हणजे मुंबई-पुण्याच्या नळाला येतं ते, साधारणपणे मऊ असतं. त्यात ही क्षारता मुळातच थोडी. दोन महिने पाणी बदललं नाही की केएच शून्याला टेकतं, पीएच घसरत सहावर येतो आणि जिवाणू काम थांबवतात. अमोनिया साठत जातो. पण पीएच कमी असल्यामुळे तो निरुपद्रवी रूपात असतो, प्राणी मजेत दिसतो. मग एका रविवारी मालकाला जाग येते. तो एकदम ऐंशी टक्के पाणी काढून ७.८ पीएचचं ताजं पाणी भरतो. उरलेल्या वीस टक्के पाण्यातल्या साठलेल्या अमोनियाचं रूप क्षणात पालटतं, आणि सोमवारी सकाळी टाकीत प्राणी मेलेला.

म्हणून जुन्या टाकीचं पाणी बदलण्याआधी पीएच आणि केएच मोजा. पीएच साडेसहाच्या खाली आणि अमोनिया चढलेला असेल तर मोठा बदल नको. खायचा सोडा टाकून पीएच वर आणणं तर मुळीच नको, ते त्याहून वाईट. आधी प्राणी टबात हलवा. टबात टाकीचंच पाणी नको, स्वच्छ अमोनियामुक्त पाणी हवं. पण पीएचची सवय व्हायला त्याच्या डब्यात दहा-दहा मिनिटांनी पेलाभर नवं पाणी घालत तासभर द्या, आणि दर वेळी तेवढंच जुनं पाणी काढून टाका. टाकी नंतर शांतपणे दुरुस्त करा. पाणी मऊच येत असेल तर फिल्टरमध्ये कापडी पिशवीत प्रवाळाचा किंवा शिंपल्यांचा चुरा ठेवा, तो हळूहळू विरघळून केएच सांभाळतो. टाकीच्या तळाशी मात्र टाकू नका, हा प्राणी तोंडात मावेल ते गिळतो. रंगीत खड्यांचंही तेच, खडे गिळून पोट अडतं आणि खड्यांच्या फटीत घाण कुजते ती वेगळीच. बारीक वाळू, नाहीतर कोरा तळ.

नळ, बोअर, आरओ

महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतो, असायलाच हवा, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम. पावसाळ्यात पाणी गढूळ येतं तेव्हा मात्रा वाढवतात, सोसायटीची टाकी धुतली की त्या दिवशी ब्लीचिंगचा वास घरभर येतो. त्या दिवशी पाणी बदलू नका. एरवी रुंद तोंडाच्या बादलीत पाणी हवेचा पंप लावून चोवीस तास ठेवलं तर क्लोरीन उडतो. घाईत असाल तर क्लोरीन काढणारं द्रव्य बादलीतच घाला, टाकीत ओतल्यावर नाही. कोरफड किंवा आयोडीन घातलेली द्रव्यं टाळा, ती माशांसाठी बनवलेली असतात. परदेशात राहणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: अमेरिकेतल्या अनेक शहरांत क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात, तो बादलीत ठेवून उडत नाही, आणि नुसता हायपो, म्हणजे साधं क्लोरीन काढणारं द्रव्य, घातला तर क्लोरीन जातो पण अमोनिया मागे उरतो. (कॅलिफोर्नियात असाल तर प्रश्नच मिटला, तिथे हा प्राणी पाळायलाच बंदी आहे.)

बोअरचं पाणी बहुधा कठीण असतं, ते ॲक्सोलॉटलला तसं आवडतं. पण शेतीच्या भागातल्या बोअरमध्ये खताचं नायट्रेट उतरलेलं असू शकतं. माणसाच्या पिण्यासाठी लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतं. म्हणजे पिण्यासाठी पास झालेलं पाणीही तुमच्या टाकीत पहिल्याच दिवशी ४०च्या वर नेऊन ठेवू शकतं. मोजल्याशिवाय घालू नका.

आणि आरओचं पाणी ‘सगळ्यात शुद्ध’ म्हणून भरणारे बरेच भेटतात. ते शुद्ध असतं, पण त्यात केएच जवळजवळ नसतोच, आणि त्याचा शेवट वर सांगितलेल्या रविवारसारखा होतो. पंख्याने टाकीतलं पाणी उडून पातळी उतरते, क्षार मात्र मागे उरतात. ती तूट भरून काढायला आरओ उत्तम. पूर्ण टाकी भरायला नाही.

तुरटी फिरवून पाणी स्वच्छ करायची आपली घरगुती सवय इथे जीव घेते. तुरटी केएच खाते, पीएच पाडते, आणि तिच्यातलं ॲल्युमिनियम कल्ल्यांवर बसतं. दुकानातली निळी-हिरवी औषधंही नकोत. तांबं असलेली द्रव्यं आणि मॅलाकाइट ग्रीन उभयचरांच्या पातळ कातडीला झेपत नाहीत, आणि मिथिलीन ब्लू टाकीत ओतलं तर बुरशीआधी तुमचं विरजण मारतं. रोगापेक्षा इलाज भयंकर, दुसरं काय!

उन्हाळा, डास आणि गेलेली वीज

माझं स्पष्ट मत आहे: चिलर घेण्याची तयारी नसेल तर महाराष्ट्रात ॲक्सोलॉटल आणू नये. पाणी १८ अंशांवर असताना लिटरमागे साधारण साडेनऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांवर साडेसात. गरम पाण्यात प्राणवायू घटतो, प्राण्याची गरज वाढते, अन्न लवकर कुजतं आणि अमोनिया अधिक जहाल होतो. चारही गोष्टी एकाच दुपारी. पाण्यावर पंखा लावला तर नागपूरच्या कोरड्या हवेत दोन-चार अंश उतरतात, मुंबईच्या दमट हवेत फारसं काही होत नाही. बर्फाच्या बाटल्या आणीबाणीपुरत्या ठीक. दिवसभर बाटली, रात्री काही नाही, असा चढ-उतार त्याला स्थिर २१ अंशांपेक्षा जास्त जाचतो.

वीज गेली तर फिल्टर थांबतो आणि बंद डब्याच्या फिल्टरमधले जिवाणू प्राणवायूवाचून गुदमरतात. दोन-तीन तासांहून जास्त वेळ बंद राहिला असेल तर चालू करण्याआधी डब्यातलं कुबट पाणी ओतून द्या, नाहीतर ते सगळं टाकीत येतं. बॅटरीवर चालणारा एक छोटा एअर पंप घरात ठेवा.

पावसाळ्यात गल्लीत धूरफवारणीची गाडी आली की खिडक्या लावा आणि एअर पंप बंद करा. डासांवरच्या औषधातले पायरेथ्रॉइड जलचरांना फार घातक असतात, आणि पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. घरात पेस्ट कंट्रोल असेल तर तेव्हाही हेच.

एरवीचा दिनक्रम अगदी कंटाळवाणा आहे, आणि तसाच असावा. आठवड्याला पंचवीस ते तीस टक्के पाणी बदलायचं, तळाची घाण सायफनने. पाणी बदलायच्या आधी मोजायचं, वहीत लिहायचं. हात साबणाचे नकोत, सॅनिटायझरचे तर नकोतच. एक मनी प्लांट, मुळं पाण्यात आणि पानं बाहेर, अशी टांगली तर नायट्रेट हळूहळू ओढून घेते. एका मोठ्या प्राण्याला शंभर लिटर तरी हवेत. टाकी जितकी लहान, तितकी चूक पटकन भोवते.

आकडे सगळे जागेवर आहेत, पाणी गार आहे, आणि तरीही आठवडाभर खात नाही, पाण्यावर आडवा तरंगतो किंवा अंगावर कापसासारखी बुरशी आहे, तर मात्र विदेशी प्राणी बघणाऱ्या पशुवैद्यांकडे न्या. वही बरोबर न्या. आणि कागदपत्रंही नीट करून ठेवा: ॲक्सोलॉटल वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, म्हणजे साइट्सच्या, परिशिष्ट दोनमध्ये आहे, त्यामुळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४च्या नियमांनुसार त्याची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. सांभाळणं जमत नसेल तर दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या, नोंद बदला. नदीत किंवा तलावात सोडू नका.

आणि फोन जरूर करा, रात्री अकरालाही चालेल. फक्त आधी नळ्या भरून घ्या, आणि अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच, केएच आणि तापमान, सहा आकडे कागदावर लिहून मग नंबर फिरवा.